कृष्णकमळाचा मांडव : देवळाच्या बागेच्या नोंदी

२१ एप्रिल २०२४, रविवार

देवळामागची जागा आज मोजून घेतली. लांबी अठरा फूट, रुंदी बारा. एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला चिऱ्याचा गडगा. सकाळी भरपूर ऊन, दुपारी तीननंतर फणसाची सावली. हार करायला बायका बसतात ती हीच जागा, पण एप्रिल-मेमध्ये इथं बसवत नाही. मांडव हवा यावर कुणाचं दुमत नव्हतं. कशाचा, यावर मात्र तासभर गेला. पत्रे घालून मोकळं व्हावं असं कमिटीतल्या दोघांचं म्हणणं. मी म्हटलं, पत्रा दुपारी माणसाला भाजून काढतो. वेल चढवली तर सावली होईल आणि म्हापशाहून विकत आणायच्या फुलांचा खर्चही थोडा कमी होईल.

आधी जाईचं नाव निघालं. गोव्यात जाई म्हटली की म्हार्दोळ. म्हाळसेची जायांची पूजा ज्याने एकदा पाहिली त्याला आपल्या परसातली जाई कधीच पुरेशी वाटत नाही. पण खरी अडचण तोडणीची. कळ्या उमलायच्या आधी उतरवाव्या लागतात, रोज, पाऊस असो नसो. तेवढे हात आमच्या वाड्यावर आता उरलेत कुठे? मुलं एक तर पणजीला नोकरीला, नाही तर जहाजावर.

शेवटी कृष्णकमळावर शिक्कामोर्तब झालं ते अगदी व्यवहारी कारणाने. शेजारच्या मायच्या बलकांवावर (घरापुढच्या ओसरीवर) ती वेल गेली कित्येक वर्षं आहे. रोपांचा खर्च शून्य.

३ मे, शुक्रवार

म्हापशाचा बाजार. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी जोरात, सुक्या मिरच्यांच्या आणि खाऱ्या बांगड्यांच्या वासातून वाट काढत काथ्याचा भुसा, निंबोळी पेंड आणि सुंभ घेतलं. मेस्तने चार कोपऱ्यांना लोखंडी पाइप उभे केलेत. वर आडवं काय घालायचं, तर पाडलेल्या एका जुन्या घराचे वासे पडून होते, तेच चढवले. मधे तार. वाशांना दोन-चार ठिकाणी बोटभर रुंदीची गोल भोकं आहेत. मेस्त म्हणाला, रंगवायच्या आधी लांबी (पुट्टी) भरतो. राहू दे म्हटलं. त्याला वाटलं मी पैसे वाचवतेय.

१० मे, शुक्रवार, अक्षय्य तृतीया

फाटे लावले. यंदाच्या वाढीतलं, पण फार कोवळं नाही असं लाकूड निवडायचं: वाकवलं तर वाकावं, कचकन मोडू नये आणि लोंबूही नये. वीतभर तुकडा, त्यावर तीन पेरं. खालचं पान काढलं, वरचं अर्धं कापलं, कळी आणि तणाव्या खुडून टाकल्या, कारण मूळ फुटायच्या आधी फुलावर जीव खर्च करण्यात अर्थ नाही. निम्मी रेती, निम्मा काथ्याचा भुसा. खालचं पेर मातीत आणि मधलं जेमतेम वर. पिशव्या विहिरीच्या कठड्यामागे सावलीत ठेवल्यात.

कात्री माझी, पण कुठली फांदी कापायची ते माय सांगत होत्या. वेलीवर फुलं होती. एक फूल खुडून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "बाय, हें सोमया जेजूच्या कश्टांचें फूल." म्हणजे येशूच्या यातनांचं. मग करंगळीने एकेक दाखवत गेल्या. मधे वर आलेल्या तीन टोकांच्या दांड्या म्हणजे तीन खिळे. त्याखालचे पाच परागकोश म्हणजे पाच जखमा. भोवतीची झालर म्हणजे काट्यांचा मुकुट. बाहेरच्या दहा पाकळ्या म्हणजे दहा शिष्य. पेद्रू (पीटर) आणि दगा देणारा जुदास सोडून. पेद्रूला का सोडलं विचारलं तर म्हणाल्या, त्याने नाकारलं ना तीनदा. तणाव्या म्हणजे चाबूक. पानं पाच बोटांची, ते मारेकऱ्यांचे हात. त्यांच्या आईने त्यांना असंच शिकवलं होतं, कोरेज्माच्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या) दिवसांत, याच बलकांवावर.

गंमत अशी की लहानपणी माझ्या आजीने मला तेच फूल, तसंच बोट फिरवत दाखवलं होतं. झालरीतले शंभर कौरव, पाच परागकोश पाच पांडव, तीन दांड्या ब्रह्मा-विष्णू-महेश, आणि मधला हिरवा गोळा श्रीकृष्ण. कुणी झालरीला सुदर्शन चक्र म्हणतं. बोटं फिरतात ती त्याच जागांवरून.

८ जून, शनिवार

पाऊस लागला. चौदापैकी अकरा फाट्यांना नवी पालवी. पालवी फुटली म्हणजे मूळ धरलंच असं नसतं. हलकं ओढून पाहिलं, आठ घट्ट आहेत.

लावायच्या जागी खड्डा न घेता उंचवटे केले. आमची माती तांबडी, खाली चिरा. खड्डा घेतला की जुलैत त्याचं डबकं होतं आणि या वेलीची मुळं पाण्यात दोन-तीन दिवसही तग धरत नाहीत, काळी पडून कुजतात. म्हणून चिऱ्याचे तुकडे तळाला, वर माती, शेणखत आणि मूठ मूठ निंबोळी पेंड. शेणखत बेताचंच. नत्र जास्त झालं की वेल नुसती पानांनी माजते आणि फुलाचं नाव काढत नाही.

विहिरीच्या बाजूला दोन वेगळी रोपं लावलीत. ही पिवळ्या पॅशन फ्रूटची, बियांपासून केलेली. जात भाऊबंदांतली, पण फूल वेगळं, फळ खायचं. कमिटीला फळाचं आमिष दाखवल्याशिवाय खताचे पैसे सुटत नाहीत, हे इथं लिहून ठेवते. गडग्याजवळ निळी आणि पांढरी गोकर्णही टोचली. ती वाट बघायला लावत नाही, दीड-दोन महिन्यांत फुलते, शिवाय शेंगवर्गातली असल्याने जमिनीला नत्र देते.

१४ जुलै, रविवार

आठातले दोन गेले. बुडाशी खोड मऊ आणि तपकिरी, पानं एका दिवसात माना टाकून. रोगट माती काढून लांब टाकली, उरलेल्या सहांच्या बुडाची माती आणखी उंच केली. पावसाने विहीर काठोकाठ. बाहेर काही करता येत नाही म्हणून वाचत बसले.

हे झाड मूळचं अमेरिकेचं. या वंशाच्या पाचशेच्या वर जाती, बहुतेक सगळ्या मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या उष्ण पट्ट्यातल्या. स्पॅनिश लोक तिकडे पोहोचल्यावर सोळाव्या शतकात युरोपला या वेलीची ओळख झाली. फुलाला ख्रिस्ताच्या यातनांचा अर्थ जोडून छापील स्वरूपात पसरवण्याचं श्रेय रोमच्या जाकोमो बोसियो याला देतात. १६१० साली ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या आपल्या ग्रंथात त्याने या फुलाला जागा दिली. मेक्सिकोचा एक आगुस्तिनियन साधू, एम्मानुएल द व्हिलेगास, या फुलाची चित्रं घेऊन त्याच्याकडे आला होता. बोसियोला आधी विश्वासच बसला नाही, चित्रकाराने पदरचं घातलं असावं असं वाटलं. तिकडून आलेल्या आणखी लोकांनी दुजोरा दिला तेव्हा कुठे त्याने लिहायला घेतलं. पुढे १७५३ मध्ये लिनियसने शास्त्रीय नाव दिलं तेही तोच अर्थ धरून: पॅसिफ्लोरा.

त्या रोमन हिशेबात झालरीतले तंतू बहात्तर. परंपरेने काट्यांच्या मुकुटाला तेवढे काटे होते म्हणे. म्हणजे एकीकडे बहात्तर, आमच्या आजीकडे शंभर. फुलं आली की स्वतः मोजायचं ठरवलं आहे.

आणि आजीच्या गोष्टीचं वय? मूळ अमेरिकेतली वेल पोर्तुगीज गोव्यात उतरायच्या आधी इथल्या कुणी पाहिलेली असणं शक्य नाही. तेव्हा कौरव-पांडव या फुलात शिरले ते फार तर चार-पाचशे वर्षांत. पुराणाच्या मानाने अगदी काल-परवा.

२६ ऑगस्ट, सोमवार, गोकुळाष्टमी

आमच्या वेली अजून तारेपर्यंतसुद्धा पोहोचलेल्या नाहीत. मायनी सकाळी सातलाच परडीभर फुलं पाठवली, वर निरोप: उमलल्यावरच तोडलीत. हे त्यांना बरोबर ठाऊक आहे. कृष्णकमळाची कळी तोडून पाण्यात ठेवली तर रुसल्यासारखी अर्धवट राहते. आणि ओवताही येत नाही, मानेला सुई लागली की मलूल. पाटावर किंवा पाण्याच्या ताटात उताणं ठेवायचं, बस्स.

कमिटीतल्या एकांनी भटजींना विचारलंच, "या फुलाला शास्त्राधार काय? पुराणात तर नाही." रोख परडी कुणाकडून आली त्यावर होता हे सगळ्यांना कळलं. भटजी आसन झटकत म्हणाले, "मग दसऱ्याला झेंडू बंद करूया का?"

भटजींना माहीत होतं, विचारणाऱ्याला नव्हतं. झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. आणि देवळासमोर जो चाफा उभा आहे, ज्याची फुलं आपण आजोबांच्या काळापासून वेचतो, तो देवचाफासुद्धा अमेरिकेतला. गोव्यातल्या कुठल्याही देवळाच्या परडीतून अमेरिका वजा केली तर अबोली, जास्वंद, तगर, मोगरा उरतील आणि दसऱ्याला तोरणं सुनी जातील. तुळस आणि बेल सोडता देवाने कुणाचा जन्मदाखला मागितल्याचं ऐकिवात नाही, असं भटजी म्हणाले. तुळशी-बेलाचा का मागतो ते मात्र सांगितलं नाही, आरती सुरू झाली.

दुपारी एक फूल घरी आणून मोजायला बसले. भिंग आणि भरतकामाची सुई. बाहेरची पाच दलं पाठीमागून हिरवी, टोकाला शिंगासारखा बारीक काटा. आतली पाच फिकट. त्यावर झालर. बाहेरच्या दोन ओळी लांब. प्रत्येक तंतू टोकाला निळा, मधे पांढरा, मुळाशी जांभळा, आणि सगळे शेजारी शेजारी असल्याने तीन रंगांची तीन गोल वर्तुळं दिसतात. त्याच्या आत आखूड, केसासारख्या आणखी ओळी, मधाच्या वाटीवर झाकण धरल्यासारख्या. नुसत्या बाहेरच्या ओळी धरल्या तर आकडा एक, आतले केस धरले तर दुसरा, आणि परडीतल्या दुसऱ्या फुलात दोन्ही आकडे वेगळे. बहात्तरला कुठलंच जुळलं नाही, शंभरालाही नाही. कौरव किती ते मोजणाऱ्याने कुठे थांबायचं त्यावर ठरतं.

पण पाच आणि तीन पक्के. एकाही फुलात चुकले नाहीत. दोन्हीकडच्या आज्यांनी पांडव, जखमा, खिळे आणि त्रिमूर्ती जिथं बसवले त्या जागा न बदलणाऱ्या आहेत. जिथं आकडा हलतो तिथं त्यांनी गर्दी बसवली. हे मला फार आवडलं.

७ सप्टेंबर, शनिवार, चवथ

गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला गोकर्णीचे चार झेले लावले. कृष्णकमळ माटोळीत नको असं मीच म्हटलं. माटोळी रानाची असते: आंबाडे, कवंडळ, घागऱ्या, मावळिंग, सुपारीचं शिपटं. ज्याला आपण वर्षभर तण म्हणतो त्याची वर्षातून एकदा देवाच्या डोक्यावर बसायची ही पाळी. तिथं बागेतल्या लाडक्या फुलाने घुसू नये.

वेली तारेवर चढल्या. तणावीचं काम पाहण्यासारखं आहे. सरळ काडीसारखी बाहेर येते, हवेत गोल फिरत आधार शोधते, तारेला टोक लागलं की वेटोळं घालते, आणि मग मधला भाग स्प्रिंगसारखा गुंडाळत जातो. दोन्ही टोकं बांधलेली असल्याने अर्धे वेढे उजवीकडे, अर्धे डावीकडे, मधे एक सरळ तुकडा. वाऱ्याने वेल हेलकावली की ही स्प्रिंग ताणते आणि परत येते, तुटत नाही. डार्विनने १८६५ साली वेलींचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा याच वंशातल्या एका जातीची तणावी त्याला सगळ्यांत संवेदनशील वाटली होती. स्पर्श झाल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत ती वळायला लागे. मायच्या हिशेबात हे चाबूक. आजीच्या गोष्टीत तणाव्यांना काहीच काम नव्हतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

अळ्या. दोन वेली शेंड्यापासून खालपर्यंत खराट्यासारख्या झाल्यात. काटेरी, तांबूस अळ्या, कळपाने. पानाच्या मागे पिवळ्या अंड्यांचे पुंजके. देवळात दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाने औषध सुचवलं. एकाने तर दुचाकीच्या डिकीतून बाटलीच काढली.

ही टॉनी कोस्टर नावाच्या फुलपाखराची पोरं. नारिंगी पंख, काळे ठिपके, संथ उडणारं. ते मुख्यतः कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलींवर वाढतं. पश्चिम घाटात याच कुळातली अडेनिया नावाची देशी वेल आहे, म्हणजे फुलपाखराला हे कुळ परकं नाही. आपण फक्त नव्या चवीचं पान समोर ठेवलं. या कुळाच्या पानांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. अळी ती पचवते आणि स्वतःच कडू होते, त्यामुळे पक्षी तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. म्हणूनच ती अशी उघड्यावर, बिनधास्त चरते.

पानाच्या देठावर दोन बारीक गाठी आहेत, त्यांतून गोड रस पाझरतो. त्यासाठी मुंग्या येतात आणि वेलीची राखण करतात असा झाडाचा बेत. आमच्याकडे मुंग्या आल्या, रस प्यायल्या, अळ्यांना काही बोलल्या नाहीत. फणसावरचे हुमले (तांबडे मुंगळे) तर खाली उतरलेच नाहीत.

औषध मारायचं नाही हे कमिटीत भांडून घेतलं. ज्या वेलीवर भुंगे यावेत अशी आशा आहे तिच्यावर विष कसं मारणार? तडजोड अशी: गडग्यापलीकडे रस्त्याच्या कडेला वेलघाणी माजलेली आहे. तीही याच वंशातली, अमेरिकेतूनच आलेली, पण आता रानटी. पान चुरगाळलं की घाण वास येतो, फूल सकाळी लवकर उमलून उन्हं चढताच मिटतं, आणि कळीभोवतीच्या जाळीदार चिकट हिरव्या केसांत चिलटं अडकतात. अळ्यांना ती चालते. चिमटीने पान कापायचं, अळ्यांसकट पलीकडे नेऊन ठेवायचं. शाळेतून येणाऱ्या दोन मुलांनी हे काम अंगावर घेतलं आहे. मजुरी: रोज एक चिक्की.

८ डिसेंबर, रविवार

निम्मा वाडा जुन्या गोव्यात, सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, शवप्रदर्शनाला. दहा वर्षांनी एकदा येतं, गर्दी असणारच. माय पहाटेच्या बसने गेल्या, त्यांच्या कुंड्यांना पाणी मी घातलं. खाल्लेल्या वेली पुन्हा फुटल्या, पहिल्यापेक्षा दाट. अळ्यांनी फुकटात छाटणी करून दिली असं आता म्हणायला हरकत नाही.

२६ जानेवारी २०२५, रविवार

पहिलं फूल. झेंडावंदन आटोपून देवळात आले तेव्हा कळी फुगलेली होती, तीन हिरव्या पानांच्या दोन्यात. स्टूल ओढून बसले.

आधी बाहेरची पाच दलं सैल झाली, टोकाचे काटे सुटे झाले. मग एक दल झटक्याने मागे, त्यामागून बाकीची. झालर आत दुमडलेली असते, ती छत्रीसारखी उघडली नाही. चुरगळलेल्या रेशमासारखी एकेक तंतू सरळ होत गेली. पाच परागकोश सुरुवातीला वर तोंड करून होते. फूल उघडतं तसे ते बिजागरीवर फिरल्यासारखे उलटे झाले आणि पराग खाली, झालरीकडे तोंड करून राहिले. तीन दांड्या तेव्हा सरळ वर, आकाशाकडे.

अकराच्या सुमारास काळा भुंगा आला. वर्तुळांच्या मधोमध उतरला, झालरीवर गोल फिरत मधाच्या वाटीत जीभ घालू लागला. आणि परागकोश बरोबर त्याच्या पाठीच्या उंचीवर. एक फेरी पूर्ण होईपर्यंत पाठ पिवळी. मधमाशी आली ती खालून मध पिऊन गेली, पाठ टेकलीच नाही. फूल तिच्या मापाचं नाही. तासाभराने पाहते तो तिन्ही दांड्या हळूहळू वाकून खाली आलेल्या, परागकोशांच्या पातळीला. आता दुसऱ्या फुलाचा पराग पाठीवर घेऊन येणारा भुंगा त्यांना घासणार. तीन खिळे, ब्रह्मा-विष्णू-महेश, काहीही म्हणा, ते जागेवर उभे नाहीत. ते वाकतात.

मायना हे बोलावून दाखवलं. भिंगातून बराच वेळ पाहून म्हणाल्या, "इतकीं वर्सां फूल पळयतां, हें केन्नाच पळोवंक ना." मीही कधी पाहिलं नव्हतं. आपण दोघी फूल तोडून हातात घेऊन शिकलो. वेलीवर राहिलेलं फूल दुपारी काय करतं हे बघायला कुणी थांबलंच नव्हतं.

आज नियम केला आणि फळ्यावर लिहिला: पूजेसाठी खालच्या दोन तारांवरची फुलं घ्यावीत. वरची भुंग्याची.

९ मार्च, रविवार

मेस्त रंगाचा डबा घेऊन हजर. वाशाखाली लाकडाचा भुसा पडलेला दाखवून म्हणाला, बाई, भोकं वाढलीत, आता तरी भरू. तेव्हा सांगितलं. ही भोकं त्याच काळ्या भुंग्याची. तो मेलेलं, कोरडं लाकूड पोखरून आत घर करतो, एकामागे एक खोल्या पाडतो, प्रत्येकीत परागाचा गोळा आणि एक अंडं. कृष्णकमळाला भुंगा हवा, भुंग्याला वासा हवा. वासा पडेल की काय ही मेस्तची काळजी खोटी नाही. म्हणून भार घेणारे दोन वासे रंगवायचे, कडेचे दोन कोरडे आणि उघडे सोडायचे. तो कडेच्या वाशांना आता भुंग्याचे वासे म्हणतो.

फुलं रोज वीस-पंचवीस. फळ मात्र एकही नाही, आणि कृष्णकमळाला धरणारही नाही. सगळे फाटे एकाच वेलीचे, म्हणजे सहा वेली दिसल्या तरी झाड एकच. आणि हे झाड स्वतःचा पराग स्वीकारत नाही. पिवळ्या पॅशन फ्रूटचंही तसंच, पण ती दोन रोपं दोन वेगळ्या बियांची. त्यांची फुलं दुपारी बाराच्या पुढे उमलतात. भुंगा चुकला तर जेवणानंतर कापूस लावलेली काडी घेऊन मी जाते.

एक बाई झोपेच्या काढ्यासाठी पानं मागायला आल्या, मोबाइलवर वाचलं म्हणाल्या. दिली नाहीत. झोपेच्या औषधात वापरतात ती उत्तर अमेरिकेतली एक ठरावीक जात, तीही वाळवून, मापाने. आमची वेल कुणाच्या तरी बलकांवावरून आलेली, संकराची असण्याचीच शक्यता जास्त. सायनाइडचं वर लिहिलंच आहे.

७ एप्रिल, सोमवार

काल रामनवमी, आज गोंय व्हडलेंला (गोवा वेल्हाला) संतांचं पुरशांव, म्हणजे संतांच्या मूर्तींची मिरवणूक. दोन दिवस लागोपाठ आल्याने वेलीची परीक्षाच झाली. काल रामाच्या पाळण्याभोवती ताटांत पाणी घालून फुलं ठेवली. बाराच्या जन्मापर्यंत टिकली, त्यासाठी ताटं गाभाऱ्याच्या थंडाव्यात ठेवून ऐन वेळी बाहेर काढली. आज मायच्या खुरसाला (क्रुसाला) हवी होती. नियमाप्रमाणे खालच्या तारांवर फारशी उरली नव्हती. कमिटीतले तेच गृहस्थ, गोकुळाष्टमीला शास्त्राधार विचारणारे, वरच्या तारेवरची काढायला स्टुलावर चढले. मी फळ्याकडे बोट दाखवलं. "भुंग्याला एक दिवस उपास घडू दे," म्हणाले. सहा फुलं काढली आणि स्वतः नेऊन दिली.

पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमात माताजींनी शेकडो फुलांना आध्यात्मिक अर्थ दिले, त्यात कृष्णकमळाला मौन दिलं आहे. भुंगे असताना आमच्या मांडवाखाली बसून पाहावं, मौन वगैरे काही नसतं. विमान गेल्यासारखा आवाज येतो.

१ जून, रविवार

यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन टेकला, छाटणी लांबली. आज उघडीप मिळाली तशी उरकली. फूल नव्या वाढीवर येतं, म्हणून जुनी वाढ एक तृतीयांश कमी केली, आतला सुका गुंता काढला. कात्री प्रत्येक वेलीनंतर स्पिरिटने पुसून, नाही तर एकीची कूज सगळ्यांना. निंबोळी पेंड दिली. शेणखत पाऊस स्थिरावल्यावर.

पिवळ्या वेलीवर अकरा फळं. फुलापासून दोन-अडीच महिने लागतात, पिकलं की आपणच गळतं, तोडायचं नसतं. खाली जुनी मासळीची जाळी बांधली, मायच्या पुतण्याने दिली. वास गेलेला नाही, मांजरं येऊन बसतात.

छाटलेल्या फांद्यांतून चाळीस फाटे केले. मागणारे पुष्कळ, वाड्यावर वाटून सांगितलंय की पाण्याचा निचरा नसेल तिथं लावू नये. पण सगळ्यांकडे पुन्हा हेच एक झाड होणार. कृष्णकमळाचं फळ बघायचं असेल तर दुसऱ्या रक्ताची वेल हवी. भटजींची बहीण सावंतवाडीला असते, तिच्या दारात आहे म्हणतात. फूल कसं आहे, झालर कुठल्या रंगाची, याचा फोटो मागवलाय. चवथीला ती येईल तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून दोन फाटे आणायला सांगितलेत.